अडतिसाव्या अक्षांशाची सरहद्द

पेक्तू या २,७४४ मीटर उंचीच्या पर्वतावर उगम पावून विरुद्ध दिशांनी समुद्रास मिळणाऱ्या अम्नोक व तुमान या दोन नद्यांनी उत्तरेस रेखलेला, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी सागराने वेढलेला कोरियाचा द्वीपकल्प बाहेरून जितका रेखीव, तितकाच आतून सलग आहे. तैबेक पर्वताची रांग पूर्वकिनाऱ्याला समांतर जात असल्याने निसर्गाला या भूमीचे दोन भाग करावयाचेच असते, तर ते पूर्व आणि पश्चिम असे झाले असते. उत्तरेस दक्षिणेपासून तोडणारी भिंत मध्यभागी कोठेही उभी नाही.

राज्यकर्त्यांनीही ही एकात्मता मानली. इ. स. ९३६ मध्ये कोऱ्यो राजवंशाने द्वीपकल्पाचा बहुतेक भाग एकछत्री अंमलाखाली आणला, १३९२ मध्ये त्याची जागा चोसन राजवंशाने घेतली, आणि १४१३ मध्ये घातलेली आठ सुभ्यांची व्यवस्था सुमारे पाच शतके टिकली. १९१० मध्ये जपानने स्वातंत्र्य हिरावून घेतले, तेही अखंड देशाचे.

असे असता, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, जपानी फौजांची शरणागती अमेरिकेने कोठपर्यंत व रशियाने कोठपर्यंत स्वीकारावी हे ठरविण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क व चार्ल्स बोनस्टील या दोन लष्करी अधिकाऱ्यांना एका रात्री अवघ्या अर्ध्या तासाची मुदत मिळाली. नॅशनल जिऑग्राफिकचा एक नकाशा पुढे घेऊन, राजधानी सेऊल आपल्या वाट्यास राहावी एवढाच हेतू धरून, त्यांनी अडतिसावा अक्षांश सुचविला आणि रशियाने तो मान्य केला. त्या रेषेने ह्वांगहे, क्योंगी व कांगवोन हे तीन जुने सुभे चिरले. ओंगजिनचे भूशिर दक्षिणेच्या वाट्यास आले खरे, परंतु सेऊलहून तेथे जावयाचे तर समुद्रमार्गच उरला, कारण जमिनीवरची वाट रशियन अंमलातून जात होती. जलविद्युत, खनिजे व हुंगनामचा खतकारखाना उत्तरेकडे, तर भाताचे सुपीक मुलूख मुख्यतः दक्षिणेकडे राहिले. १४ मे १९४८ रोजी उत्तरेने वीज तोडली, तेव्हा एका देहाचे अवयव कसे विलग झाले हे दक्षिणेतील गिरण्यांना कळले.

त्याच वर्षी दोन सरकारे स्थापन झाली, २५ जून १९५० रोजी युद्ध पेटले, आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. नवी रेषा अक्षांशाची नव्हती, तर लढाई जेथे थांबली तेथली होती. म्हणून कोऱ्यो राजांची प्राचीन राजधानी केसोंग, जी आधी दक्षिणेत होती, ती उत्तरेत गेली. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा ज्या भारतीय फौजेकडे सोपविला गेला, तिचे सेनापती कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. मराठी वाचकाला या इतिहासाशी जोडणारा हा एक गौरवाचा दुवा आहे.

युद्धविरामाचे रूपांतर तहनाम्यात आजवर झालेले नाही. शरणागतीच्या तात्पुरत्या सोयीसाठी आखलेली रेषा प्रथम कचेऱ्यांनी, मग कायद्यांनी व शेवटी रक्ताने पक्की झाली. ज्यांच्या भूमीवरून ती गेली त्या लोकांना मात्र कोणी विचारले नाही, आणि कोरियाच्या फाळणीतला मूळ अन्याय तोच होय.