फितीवरचा संसार

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कापडी पिशवीत नऊ व्हिडिओ कॅसेटी घेऊन आमच्याकडे आले. थोरल्याचे लग्न, धाकटीचे प्रथम कम्युनियन, आजोबांची अंत्ययात्रा असा तीन पिढ्यांचा संसार त्या पिशवीत होता. घरचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता. "फादर, ह्या आता बघायच्या कशा?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर शोधताना आम्हांला ह्या फितीच्या इतिहासातच शिरावे लागले. तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चित्र आणि ध्वनी चुंबकीय फितीवर साठविणारे, प्रत्यक्ष वापरात आलेले पहिले यंत्र अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागो येथे दाखविले. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि ते परवडत असे केवळ दूरचित्रवाणी केंद्रांना. सामान्यांच्या घरात शिरायला फितीला आणखी दोन दशके लागली. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. दोहोंच्या चुरशीत व्हीएचएस टिकली. आपल्याकडे १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले. पुढच्या काही वर्षांत व्हीसीआर विकत नाही तरी भाड्याने घरी येऊ लागला आणि लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरच्या जोडीला व्हिडिओवाला दिसू लागला. त्याच्या दिव्याच्या झोतात डोळे मिचकावणारे आपले आप्तजन पुष्कळांना आठवत असतील.

ही स्मृती किती नाजूक वस्तूवर विसंबून होती, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. तीन तासांच्या कॅसेटीत ती सुमारे अडीचशे मीटर भरते. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बसविलेला असतो. आपल्याकडील यंत्रात हेड बसविलेला ढोल मिनिटाला १५०० फेरे घेत त्या थरावर तिरक्या रेषांत चित्र लिहितो आणि वाचतो. चिकट द्रव्य हवेतील ओलावा शोषते आणि कालांतराने सैल पडते. दमट कपाटात बुरशीही धरते. फितीवरून फितीवर नक्कल करावी, तर प्रत्येक नकलेत चित्र अधिक पुसट होते. त्यातच यंत्रेही संपली. व्हीसीआर बनविणारी अखेरची कंपनी मानल्या गेलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या संग्राहकांना सावध केले होते, की फितींवरचा जो ठेवा सुमारे २०२५ पर्यंत संगणकात उतरणार नाही, त्यातला बराचसा कायमचा हातचा जाईल. ते वर्षही आता उलटले.

असा प्रसंग माणसावर प्रथमच आलेला नाही. चौथ्या शतकात पॅलेस्टाईनमधील कैसरियाच्या ग्रंथालयात ऑरिजेन आणि पँफिलस ह्यांचा ग्रंथसंग्रह जीर्ण झाला होता. तेथील बिशप अकाशियस आणि त्यांच्यामागून आलेले युझोइयस ह्यांनी तो चर्मपत्रांवर उतरवून घेण्याचे काम हाती घेतले, अशी नोंद संत जेरोम ह्यांनी केली आहे. ते ग्रंथालय आज उरलेले नाही. प्राचीन ग्रंथ आपल्यापर्यंत आले ते मूळ पाने टिकली म्हणून नव्हे, तर वेळेवर त्यांच्या नकला करणारे हात लाभले म्हणून.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने हे काम अंगावर घेतले. एका घरी चालू स्थितीतला व्हीसीआर सापडला. चुकून वर दुसरे चित्रण होऊ नये म्हणून त्याने आधी कॅसेटीच्या कडेची प्लास्टिकची चकती मोडली. बुरशी नाही ना, हे पाहिले. मग फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळली. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी एका छोट्या उपकरणाला जोडल्या. ते फितीवरच्या लहरींचे आकड्यांत रूपांतर करते. ह्या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. डीव्ही ह्या पद्धतीने साठविल्यास एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा जाते. आरंभी पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. मग मांडव दिसला.

खरी परीक्षा पुढे, संपादनाच्या वेळी आली. मुले म्हणाली, मांडवातल्या बायकांची लांबलचक गाणी काढून टाका. ती गाणी सामवेदी बोलीत होती, आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकजणी आता हयात नाहीत. वडील म्हणाले, आजोबांच्या शवपेटीला पुढून खांदा देणारा माझा भाऊ तेवढा वगळा. जमिनीच्या वाटणीनंतर दोन्ही घरांत बोलणे उरले नव्हते.

आम्ही एवढेच सांगितले, की पहिली नक्कल जशीच्या तशी राहू द्या. कात्री चालवायची ती दुसऱ्या नकलेवर. संगणकात ही सोय आहे. नकलेची नक्कल केली तरी तेथे चित्र पुसट होत नाही. म्हणून कापण्याआधी एक अखंड प्रत न ठेवणाऱ्याला सबब उरत नाही. आज जो भाग कंटाळवाणा किंवा नकोसा वाटतो, तोच उद्याच्या पिढीला घराण्याचा इतिहास वाटेल. आजोबांना खांदा कोणी दिला, हे भांडणाच्या निकालावर ठरत नाही.

वडील बराच वेळ गप्प होते. शेवटी अखंड प्रत ठेवायचे ठरले. पुढे तिची आणखी एक प्रत त्या भावाच्या घरी पोहोचल्याचे कानावर आले. ती कोणी नेली, हे आम्ही विचारले नाही.

ज्यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील, त्यांना आमची विनंती आहे. चित्र उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट लगेच टाकू नका. प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पडद्यावरच्या माणसांची नावे लिहून घ्या, कारण ती नावे कोणत्याही फितीवर नाहीत. आणि पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.