आठवण ठेवणारा रोध आणि ‘जर-तर’चं तर्कशास्त्र

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यशस्वी झालेल्या वस्तूंची यादी वाचतो: व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, सिलिकॉनची चिप. आज मात्र आपण बाजूला पडलेल्या दोन गोष्टी बघणार आहोत. एक आहे काही पदार्थांची खोड आणि दुसरी तर्कशास्त्रातली एक क्रिया. दोघी वेगवेगळ्या कारणांनी मागे पडल्या आणि २०१० साली एकाच प्रयोगात एकत्र आल्या.

आधी खोड. १८९० साली पॅरिसमध्ये एडवार्ड ब्रँली यांना दिसलं, की काचेच्या नळीत धातूचा कीस भरला तर त्यातून वीज सहसा जात नाही, पण जवळ ठिणगी उडाली की किसाचा रोध एकदम कोसळतो. आणि ठिणगी विझल्यावरही तो तसाच खाली राहतो. म्हणजे घडलेली गोष्ट किसाच्या ‘लक्षात’ राहते. ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला ‘कोहिरर’ म्हटलं आणि बिनतारी लहरी ओळखायला ती वापरली. पण तिथे ही आठवण म्हणजे डोकेदुखीच! पुढचा संकेत पकडायचा तर आधीचा पुसायला हवा. त्यासाठी नळीवर टिचकी मारायची सोय करावी लागे. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पाऱ्याचा कोहिरर मांडला. त्याचं वैशिष्ट्य हे, की तो टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होई. बघा, त्या काळी कौतुक विसरण्याचं होतं.

१९६२ साली टी. डब्ल्यू. हिकमॉट यांनी धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांत विजेचं असंच विचित्र वागणं नोंदवलं. व्होल्टेज वाढवलं तरी एका टप्प्यावर प्रवाह उलट कमी होई. त्याच दशकात अशा थरांना स्मृती असते, हेही इतरांनी दाखवलं. पण तोवर सिलिकॉनची गाडी भरधाव सुटली होती, त्यामुळे या थरांकडे फारसं कुणी वळलं नाही.

१९७१ साली लिऑन चुआ यांनी कागदावर एक हिशेब मांडला. व्होल्टेज, प्रवाह, विद्युतभार आणि चुंबकीय प्रवाह या चार राशींच्या सहा जोड्या होतात. त्यांतल्या पाच जोड्यांचे संबंध माहीत होते, सहावी जागा रिकामी होती. त्या जागी बसेल अशा घटकाला त्यांनी ‘मेमरिस्टर’ नाव दिलं: आधी किती वीज वाहून गेली यावर ज्याचा रोध ठरतो, असा घटक. २००८ साली एचपीच्या प्रयोगशाळेतल्या स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, की प्लॅटिनमच्या दोन तारांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर ठेवला की हा घटक मिळतो. त्याला चुआंचाच मेमरिस्टर म्हणावं का, यावर वाद झाला, अजूनही होतो. आपल्याला आज महत्त्वाचं आहे ते त्यामागचं कारण.

थर इतका पातळ कशाला हवा? साधं गणित करू. १० नॅनोमीटरच्या थरावर फक्त एक व्होल्ट लावला, तर विद्युतक्षेत्र होतं सेंटीमीटरला दहा लाख व्होल्ट. एवढ्या जोराने ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकतात. त्या एका बाजूला पसरल्या की रोध कमी, उलट व्होल्टेजने मागे गेल्या की रोध जास्त. वीज बंद केली तरी त्या तिथेच राहतात. कमी रोध म्हणजे १, जास्त रोध म्हणजे ०.

आता दुसरी गोष्ट. ‘पाऊस पडला तर शाळेला सुट्टी’ हे विधान खोटं कधी ठरतं? पाऊस पडला आणि सुट्टी मिळाली नाही, एवढ्या एकाच वेळी. पाऊसच पडला नाही तर विधान खोटं म्हणता येत नाही. तर्कशास्त्रात ही ‘जर-तर’ची क्रिया फार मानाची. १८७९ साली गॉटलोब फ्रेग यांनी आपली तर्कभाषा रचली ती मुख्यतः ‘जर-तर’ आणि ‘नाही’ यांच्या पायावर. पण १९३७ साली क्लॉड शॅनन यांनी तर्कशास्त्र विजेच्या स्विचमध्ये उतरवलं, तेव्हा सोयीच्या ठरल्या त्या ‘आणि’ व ‘किंवा’. दोन स्विच एकापुढे एक जोडले की ‘आणि’, शेजारी-शेजारी जोडले की ‘किंवा’. ‘जर-तर’ला असं सहज रूप नव्हतं, म्हणून यंत्रांच्या भाषेत ती मागे पडली.

२०१० साली जुलिएन बोर्गेटी, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी तिलाच पुढे आणलं. प आणि क असे दोन मेमरिस्टर एकाच रोधकाला जोडा आणि दोघांना एकाच वेळी ठरावीक व्होल्टेज द्या. प जर १ असेल, तर मधल्या बिंदूचं व्होल्टेज चढतं, क-ला पुरेसा जोर मिळत नाही आणि तो होता तसाच राहतो. प जर ० असेल, तर क बदलून १ होतो. झालं, हीच ‘प तर क’ क्रिया! उत्तर क-मध्येच लिहिलेलं, वेगळ्या स्मृतीत न्यायला नको. तिसरा मेमरिस्टर ० करून त्याच्यावर आधी प-ची आणि मग क-ची हीच क्रिया केली की तीन पावलांत ‘नँड’ मिळतो. आणि नँडपासून कुठलाही तर्क बांधता येतो. नेहमीच्या चिपमध्ये एका नँडला चार ट्रान्झिस्टर लागतात.

जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्मृती आणि गणना यांच्यामधल्या अरुंद वाटेवर बोट ठेवलं होतं. इथे ती वाटच टळते.

मग आपल्या हातातल्या फोनमध्ये हे का नाही? कारण साधेपणाची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. घटक कमी झाले, पण पावलं वाढली. प्रत्येक पावलाला व्होल्टेज कुणीतरी द्यायचं, म्हणजे बाजूला ट्रान्झिस्टर हवेतच. शिवाय बदलाच्या प्रत्येक पावलाला पदार्थात अणूंची हालचाल होते, तो झिजतो, आणि दोन शेजारी तुकडेही तंतोतंत सारखे वागत नाहीत. एचपीने २०१४ साली ‘द मशीन’ नावाच्या संगणकासाठी मेमरिस्टरची घोषणा केली. प्रत्यक्षात २०१७ साली दाखवलेल्या १६० टेराबाइटच्या नमुन्यात स्मृती नेहमीचीच होती.

तरी वाट बंद झालेली नाही. २०२१ साली श्रीतोष गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी, त्यांत विल्यम्सही होते, धातूच्या संयुगाच्या रेणूंचा पातळ थर वापरला. व्होल्टेज वाढवत नेलं की हा थर एकदाच न बदलता अनेकदा चालू-बंद होतो. म्हणजे ‘जर हे तर ते, नाहीतर दुसरं’ अशी निर्णयांची साखळी एकाच घटकात बसते. इथे बरीचशी पावलं पदार्थच उचलतो.

म्हणून ‘साधं हार्डवेअर’ हे शब्द पुढे ऐकले, की आपण विचारायचं: साधं काय झालं? घटक, तारा, की पावलं? टिचकी मारून पुसावी लागणारी आठवण आपल्या उपयोगी पडू लागली, ती प्रश्न बदलल्यामुळे. आता तुमचे प्रश्न घेऊ.