वस्तू आणि रांग

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव येथील परिवहन कार्यालयात एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. मुंबईतील त्या जातीची ती शेवटची नोंद. टॅक्सीच्या आयुष्याला तेथे वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. उन्हाळ्यात जिच्या आसनावर घामाने निथळत बसावे लागे आणि चढावर जिचे इंजिन धापा टाकी, तिच्यासाठी अनेकांना हळहळ वाटली. ही हळहळ खोटी नव्हे. पण तिच्या पोटात काय काय दडले आहे, हे पाहण्यासारखे आहे.

पद्मिनीचा जन्म एका स्वाभिमानी स्वप्नातून झाला. आगगाडी, आगबोट आणि विमान यांप्रमाणे मोटारही या देशात घडावी, या ईर्षेने सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापली व कुर्ल्यास कारखाना उभारला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी दोन वर्षे निघाली होती. १९५३ मध्ये सरकारने ठरविले की, ज्यांना सुटे भाग येथेच घडवावयाचे नाहीत, त्यांनी केवळ जुळणीचा धंदा करू नये. परदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला आणि देशी कारखान्यांना मोकळे अंगण मिळाले. इटलीची फियाट ११०० येथे येऊन पुढे पद्मिनी झाली. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड हुगळीकाठच्या उत्तरपाड्यास अ‍ॅम्बॅसडर झाली.

रस्त्यावर गाड्यांचे प्रकार दोन-तीनच उरल्यामुळे साऱ्या देशाच्या आठवणीही सारख्याच झाल्या. मुंबईकराची फियाट, कलकत्त्याची पिवळी टॅक्सी, दिल्लीतील सरकारी बंगल्यापुढची पांढरी अ‍ॅम्बॅसडर या जणू एकाच कुटुंबातल्या वडीलधाऱ्या बायका. बदलीच्या गावी उतरलेल्या मराठी कारकुनाला भाषा परकी वाटे, पण स्थानकाबाहेर उभी असलेली गाडी ओळखीची असे.

मात्र या ओळखीची किंमत रांगेत उभे राहून मोजावी लागे. पैसे भरून नाव नोंदवावे आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी, हा त्या काळचा रिवाज होता. बजाजच्या स्कूटरसाठी तर दहा-दहा वर्षे थांबलेली माणसे होती. ज्याला दुसरा विक्रेताच नाही, त्याला माल सुधारण्याची घाई नसते. म्हणून गाडीचे रूप दशकानुदशके तेच राहिले. १९८३ मध्ये मारुती आली, १९९३ मध्ये मोटारधंदा परवान्याच्या बंधनातून सुटला, आणि गिऱ्हाइकाची पाठ फिरल्यावर हे जुने कारखाने एकामागून एक थंडावले. उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. स्वप्न स्वाभिमानाचे होते. ते मागे पडले ते संरक्षणाच्या सावलीत सुस्तावल्यामुळे.

घरातल्या वस्तूंची गोष्ट याहून नाजूक आहे. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश कारागिराने १८९२ मध्ये शोधलेला दाबाचा स्टोव्ह मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात असा रुळला की, त्याचा फरफर आवाज ही पहाटेचीच खूण झाली. काकडा पेटवावा, पंप मारावा, छिद्र तुंबले तर पिन घालावी, हा विधी घरातल्या मुलांनाही पाठ असे. आज तो पितळी स्टोव्ह घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवलेला दिसतो. पण त्याच्यापुढे उकिडवे बसून ज्या बाईने आयुष्यभर रॉकेलचा वास गिळला, तिला कोणी विचारले तर ती तो दिवाणखान्यात ठेवील का? शिवाय ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द कित्येक तरुण सुनांच्या मृत्यूचे कारण म्हणून पोलिसांच्या कागदांत लिहिले गेले. त्यांतले सगळेच भडके अपघाताचे नव्हते. सासरच्या छळाला गुन्हा ठरविणारे ४९८-अ हे कलम दंडसंहितेत १९८३ मध्ये आणि हुंडाबळीचे कलम १९८६ मध्ये आले, त्यामागे अशा मृत्यूंविरुद्ध उठलेला स्त्रियांचा आवाज होता. १९५९ मध्ये देशात बनू लागलेला प्रेशर कुकर किंवा पुढे आलेला गॅस यांना कोणी कौतुकाने फडताळात मांडीत नाही. बाईचे कष्ट हलके केले ते मात्र त्यांनीच.

मग जुन्या वस्तूंसाठी जीव तुटावा असे काहीच नव्हते काय? होते. ती वस्तू दुरुस्त होत असे. स्टोव्हचा वाशर बदलून देणारा, भांड्यांना कल्हई लावणारा, हमरस्त्याकडेला अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन उघडून बसणारा मिस्त्री यांच्या हातांत वस्तूचे दुसरे आणि तिसरे आयुष्य असे. मालकालाही तिचे अंतरंग ठाऊक असे. आज वस्तू लवकर मिळते, चांगली चालते, आणि बिघडली की तिला उघडण्याची सोयच नसते.

पद्मिनीची आठवण जरूर काढावी. वालचंदांच्या जिद्दीची आणि मिस्त्रीच्या काळवंडलेल्या बोटांचीही काढावी. परंतु त्याच श्वासात त्या रांगेची आणि चुलीपुढून स्टोव्हपुढे सरकलेल्या त्या बाईचीही काढावी. कारण वस्तू संग्रहालयात जाऊन बसतात. त्यांच्यासाठी कोणी काय सोसले, ते सांगितल्यावाचून कळत नाही.