ठोकळ्यांच्या टायरचा पूर्वपक्ष

घिवली-बोईसर पट्ट्यातल्या पिकअप आणि जीपगाड्यांना मोठ्या ठोकळ्यांचे रांगडे टायर बसवण्याची हौस वाढते आहे. तिच्या मागचा पूर्वपक्ष असा: रस्ते खड्ड्यांचे, पाऊस मुसळधार, म्हणून दणकट नक्षी अधिक सुरक्षित. डांबरी रस्त्यापुरते हे म्हणणे चूक आहे.

खड्ड्यात चाक आपटले की मार बसतो टायरच्या बाजूच्या भिंतीला आणि रिमला. तो झेलतात हवेचा योग्य दाब, भिंतीची उंची आणि आतला सांगाडा. बर्फ आणि मासळीच्या पेट्या भरणाऱ्याने तर नक्षीच्या आधी टायरवर छापलेला भारांक पाहावा.

पावसाचा मुद्दा अधिक वजनदार आहे. रुंद खाचा साचलेले पाणी बाहेर फेकतात, हे मान्य. पण चिल्हार फाट्याकडे जाताना ब्रेक दाबावा लागतो तो बहुतेकदा नुसत्या ओल्या डांबरावर. तिथे पकड मिळते ती रस्त्याला टेकलेल्या रबरातून, त्यावरच्या बारीक चिरांतून आणि रबराच्या मिश्रणातून. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 117 प्रमाणे व्यावसायिक ऑफ-रोड टायरच्या नक्षीत किमान 35 टक्के भाग रिकामा असतो. तेवढ्या जागी रबर रस्त्याला लागतच नाही. शिवाय उंच ठोकळे ब्रेक लावताना लवतात. तारापूर एमआयडीसीची पाळी सुटते तेव्हा रस्ता सायकली, दुचाक्या आणि पायी माणसांनी भरलेला असतो. गाडी दोन हात पुढे जाऊन थांबली, तर त्याची किंमत ती माणसे मोजतात. मला या हौशीची खरी काळजी वाटते ती इथे.

केंद्र सरकारने 2022 मध्ये मोटार वाहन नियम 95 दुरुस्त करून टायरसाठी तीन कसोट्या आणल्या: घरंगळतानाचा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. दुकानात विचारायचे ते याच तिन्हींविषयी.

ज्याची गाडी रोज शेताच्या चिखलवाटेने जाते, त्याने ठोकळ्यांचे टायर जरूर घ्यावेत. थोडी मातीची वाट असेल तर ऑल-टेरेन पुरेत. वाळूत तर नक्षीपेक्षा हवा कमी करणे अधिक उपयोगी पडते. खोल ठोकळे उलट चाक रुतवतात. बाकीच्यांनी साधे हायवे टायर घ्यावेत आणि वाचलेले पैसे ते वेळेवर बदलण्यासाठी ठेवावेत. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, पण ती 3 च्या खाली गेली असेल तर पावसाळ्यापूर्वीच नवा टायर बसवावा.