‘व्हीएआर’ : फुटबॉल पंचाचा पडद्यामागचा सहायक

नागपूरच्या क्रिकेटरसिकांना पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागणे आता सवयीचे झाले आहे. जामठ्याच्या मैदानावर २०१५ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी मात्र ‘डीआरएस’विना झाली, तेव्हा भारतीय मंडळालाच ही पद्धत मान्य नव्हती. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती उपलब्ध होती.

फुटबॉलमधील ‘व्हीएआर’ची रीत निराळी आहे. तेथे कर्णधाराला दाद मागता येत नाही. पडद्यासमोर बसलेला व्हिडिओ सहायक पंच खेळ पाहत असतो आणि ढळढळीत चूक आढळली तरच मुख्य पंचाला कळवतो. अंतिम निर्णय मुख्य पंचाचाच. २०१८ मध्ये नियमपुस्तिकेत स्थान मिळाले तेव्हा तिची कक्षा गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेले कार्ड एवढीच होती. महाराष्ट्रातील मैदानांवर ती २०२२च्या महिला आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून वापरली गेली.

इंडियन सुपर लीगमध्ये मात्र ३ मार्च २०२३च्या बाद फेरीच्या लढतीतही ती नव्हती. बंगळुरूत सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किकवर गोल केला. निषेध म्हणून केरळचा संघ मैदान सोडून गेला. पुढे त्याला ४ कोटी रुपयांचा दंड झाला. त्यानंतर ‘व्हीएआर’ची मागणी जोर धरू लागली. पण चेंडू जाळ्यात गेला, याबद्दल वाद नव्हताच. पंचाने शिट्टीपर्यंत थांबायला लावायला हवे होते, ही केरळची तक्रार होती. आणि ते ठरवणे मैदानावरील पंचाच्याच हाती असते.