रक्तांतला वारसा

जमीनजुमला आणि दागदागिने यांसच वारसा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु कांहीं वारसे रक्तांतून उतरतात, व वेळप्रसंगीं प्राणांवर बेततात. १९५२ सालीं परळच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. वाय. एम. भेंडे यांनीं, मुंबईच्या व लंडनच्या सहकाऱ्यांसह, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत तिघांच्या रक्ताचें वर्णन केलें. तें वरकरणी ‘ओ’ गटाचें. पण ‘ओ’ रक्ताशीं जुळेना! त्यास पुढें ‘बॉम्बे’ गट हें नांव पडलें.

‘ए’ व ‘बी’ हीं द्रव्यें ज्या ‘एच’ द्रव्यापासून घडतात, तेंच या रक्तांत नसतें. उलट त्यास विरोध करणारीं द्रव्यें असतात. अशा रुग्णास ‘ओ’ रक्त दिल्यास तें प्राणघातक ठरूं शकतें.

हा गुण आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दोघे केवळ वाहक असतील, तर त्यांस स्वतःस कांहींच जाणवत नाहीं. प्रत्येक अपत्याच्या बाबतींत मात्र संभव चारांत एक. निकटच्या नात्यांत विवाह झाल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. म्हणूनच एकाचें निदान होतांच भावंडांचें रक्त तपासणें अगत्याचें. धोका त्यांनाही असूं शकतो, आणि जुळणारा दाताही त्यांच्यांत सांपडूं शकतो.