जमीन भादव्यात पाहू नये

मंडळी, पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची गोटमारही झाली. जाम नदीतला पळसाचा झेंडा कोणी काढला, पांढुर्ण्यानं की सावरगावनं, यावर चौकात अजून चर्चा चालू आहे. (त्याच दिवशी नागपूरवाले मारबत काढतात आणि आम्ही दगड मारतो. असो.) आता गणपती, महालक्ष्म्या, मग पितृपक्ष. पाऊस उघडीप देतो, दुपारी ऊन चटकते, वावराच्या धुऱ्यावर कमरेएवढं गवत असतं. या दिवसांत मला हटकून आठवतात ते आमच्या गावचे एक जमीन-दलाल. मुलं-नातवंडं गावातच आहेत म्हणून नाव लिहीत नाही. आपण त्यांना भाऊ म्हणू.

दलाल म्हटलं की आज लोक नाक मुरडतात. पण आपल्या भागात हा धंदा उभा कसा राहिला, ते पाहिलं पाहिजे. पूर्वी इथे मालगुजारी होती. गावची जमीन म्हणजे मालगुजाराचा शब्द. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. पुढे १९५९ च्या भू-राजस्व संहितेनं कास्तकाराला ‘भूमिस्वामी’ केलं. साधा कास्तकार आपल्या नावावरची जमीन आपल्या मर्जीनं विकू लागला. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, आणखी एक गोष्ट घडली. तोवर नागपूर ही आपलीच राजधानी होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपला सौंसर तालुका, म्हणजे त्यात पांढुर्णाही आलंच, मध्यप्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली.

नाती मात्र तिथेच राहिली. मुलगी नरखेडला दिलेली, सून वरूडची, मामाचं वावर काटोलला. वाटण्या झाल्या की एकाच घरचे कागद दोन राज्यांत! तिकडे सातबारा, फेरफार, एन.ए.; इकडे खसरा, बी-वन, नामांतरण, डायव्हर्जन. बोलणं मराठीत, रजिस्ट्री हिंदीत. आपण इसार म्हणतो, कागदावर बयाना लिहितात. दोन्हीकडचं कळणारा माणूस लागायचाच. भाऊ जेमतेम सातवी शिकलेले, पण ऋण पुस्तिका हातात घेतली की कोणत्या बँकेचा बोजा उतरला नाही ते चष्मा न लावता सांगत.

सुरुवातीला ते जमिनीचे नव्हे, संत्र्याच्या बागांचे सौदे करत. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या आगेमागे तोडीला येतो. म्हणजे भादव्यात फळ झाडावर हिरवं लटकलेलं असतं आणि व्यापारी उभी बाग मागायला येतात. फळगळही याच दिवसांत होते. आज दिसलेलं फळ महिन्याभरानं झाडावर राहील की खाली, हा सगळा जुगार. भाऊ झाडाखाली उकिडवे बसत, गळलेलं फळ नखानं चिरून वास घेत, आणि मगच आकडा बोलत. बागेवरून बागवानाशी ओळख, आणि ओळखीवरून पुढे जमिनीचे सौदे.

त्यांचं एक कॅलेंडर ठरलेलं होतं. पोळ्यापर्यंत कास्तकार कामात, तेव्हा बोलायचं नाही. पोळा ते अनंत चतुर्दशी जमीन दाखवायची. पितृपक्षात गप्प, चहाला बोलावलं तरी सौद्याचा विषय नाही. दसऱ्याला इसार. रजिस्ट्री दिवाळीनंतर, बागेचा पैसा हातात आला की.

आता माझी चूक सांगतो. ऐंशीच्या दशकात मी इथल्या शाखेत शेतीकर्ज पाहत होतो. बी.कॉम. झालेला माणूस, मला ताळेबंद कळे, जमीन नाही. एका कास्तकारानं बाग घ्यायला कर्ज मागितलं. मी भादव्यात पाहणीला गेलो. विहीर काठोकाठ, झाडं गर्द, ओढा वाहतोय. मी खूश. भाऊ सोबत होते, त्या सौद्यात त्यांची दलालीही होती. तरी परत येताना म्हणाले, “साहेब, जमीन भादव्यात पाहू नये. भादव्यात गोटाडी बी हिरवी दिसते अन् पडकी इहीर बी भरते. वैशाखात येऊन पाहा.”

मी विचारलं, “मग तुम्ही लोकांना भादव्यातच का दाखवता?”

ते हसले. “मी इकणाऱ्याचा माणूस हाय नं. तुम्ही बँकेचे.”

मी कर्ज मंजूर केलं. वैशाखापर्यंत थांबलो असतो तर तिमाहीचं टार्गेट गेलं असतं. दोनच उन्हाळ्यांत विहीर तळाला लागली, टँकरनं किती झाडं जगवणार? तिसऱ्या वर्षी निम्मी बाग सरपण झाली. हप्ते थकले, नोटिशीवर सही माझीच. तो गृहस्थ पुढे बाजारात दिसला की मी रस्ता बदलत असे. कागद सगळे बरोबर होते, ऑडिटमध्ये एक शेरा आला नाही, हे आणखी वाईट. त्यानंतर विहिरीची पाहणी मी मे महिन्याशिवाय केली नाही. पण त्या घराला त्याचा काय उपयोग?

मग दिवस पालटले. नागपूर-बैतूल रस्ता रुंद झाला आणि सौद्याची भाषा बदलली. काळी की मुरमाड, पाणी किती हातावर, हे कोणी विचारेना. फ्रंट किती फूट, गाइडलाइन काय, डायव्हर्जन झालं का, एवढंच. भाऊ म्हणत, “आता गिऱ्हाईक गाडीतून उतरत बी नाही.”

ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीच्या हनुमानाच्या परिसरात मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली, आणि ५ ऑक्टोबर २०२३ ला छिंदवाड्यातून पांढुर्णा-सौंसर निघून नवा जिल्हा झाला. पंचांग काढून पाहा, तो ऐन पितृपक्ष होता. ९ तारखेला निवडणूक जाहीर झाली, त्यामुळे सरकारला दसऱ्याची वाट पाहणं परवडणारं नव्हतं. आणि त्याच पंधरवड्यात भाऊ आमच्या घरी आले. ऐंशी ओलांडलेले, सोबत नातू. नातवानं मोबाईलवर नकाशा उघडला. रस्त्यालगतची आमच्या वडिलांची चार एकर बाग. भाव ऐकून माझे कान तापले.

मी म्हटलं, “भाऊ, पितृपक्षात?”

ते खाली मान घालून बसले. नातूच बोलला, “काका, कलेक्टर ऑफिस होणार म्हणून सगळे हेच दिवस धरून हायेत.”

पुण्याच्या पुतण्याला हिस्सा हवा होता. माझा मुलगा बेंगळुरूला, तो काही संत्र्याला पाणी द्यायला येणार नाही. आम्ही दसऱ्याला इसार घेतला आणि तीन एकर विकली. विहिरीकडची एक एकर मी अडून बसून ठेवली. सौद्याच्या दिवशी हिने बडीशेपसुद्धा दिली नाही कोणाला.

त्या तीन एकरांत अजून एकही घर नाही. सिमेंटचे पांढरे खांब आहेत, मुरमाचे रस्ते आहेत, आणि सध्या त्यावर गवत. परवा गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ काठी टेकत तिथवर आले होते. माझ्या उरलेल्या एकरातल्या झाडाखाली त्यांना बसता येईना, म्हणून नातवाला गळलेलं फळ उचलायला लावलं. नखानं चिरलं, वास घेतला.

“टिकंल या सालचं,” म्हणाले. मग विहिरीत डोकावून, “भरली हाय. पण आपण वैशाखात पाहू.”